आलेख नेमका कुणासाठी? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मच्छीमार सोसायटी, आंबा बागायतदार, ग्रामपंचायत, शाळा असं कोणी ना कोणी आकड्यांची फाइल घेऊन माझ्याकडे येतं आणि म्हणतं, "याचं जरा चांगलं चित्र करून द्या." चांगलं म्हणजे काय, यावर मग चहाचे दोन कप होतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. जिथे "समजा" म्हटलंय तिथले आकडे मनचे आहेत.

एक्सेलमध्ये आकडे भरून झाले. आता कुठला आलेख निवडू?

अजून कुठलाच नाही. आधी कागदावर एक वाक्य लिहा: "हे बघून अमक्याला तमकं ठरवता यावं." वाक्य जमत नसेल तर आलेखही जमणार नाही.

हापूसच्या दराचंच घ्या. बागायतदाराला ठरवायचं असतं, आजची तोड वाशीच्या बाजारात पाठवायची की चार दिवस थांबायचं. त्याला गेल्या पंधरा दिवसांचा रोजचा दर हवा, आणि मागे गेल्या वर्षीची याच दिवसांची फिकट रेघ. बँकेच्या साहेबांना ठरवायचं असतं, या माणसाचं कर्ज फिटेल का. त्यांना पाच-सहा हंगामांचं एकूण उत्पन्न हवं, दर हंगामाला एक खांब. आकडे एकाच वहीतले, पण चित्रं दोन. दोघांना एकच आलेख दाखवलात तर बागायतदार जांभया देतो आणि साहेब मोबाइल काढतात.

मग विचारा, हे बघणार कुठे? ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार असेल तर त्याची झेरॉक्स निघणार, म्हणजे रंग गेलेच. जेटीवर उन्हात मोबाइलवर बघणार असतील तर फिकट राखाडी अक्षरं दिसणार नाहीत. हॉलमध्ये प्रोजेक्टरवर असेल तर आदल्या दिवशी जाऊन शेवटच्या रांगेत स्वतः बसून बघा. आमच्याकडच्या हॉलना खिडक्या भरपूर आणि पडदे नावाला.

प्रत्येक आकड्याचा आलेख काढायलाच हवा का?

नाही. भरतीची वेळ काढायला कोकणात पिढ्यान्‌पिढ्या एक हिशोब चालत आलाय: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. होडी कधी काढायची एवढंच ज्याला विचारायचंय त्याला हा एक आकडा पुरतो. त्याच्यासमोर लाटेसारखी वळणारी रेघ ठेवून काही साधत नाही. तीच रेघ जेटीचं बांधकाम करणाऱ्याला मात्र लागते, कारण त्याला उधाणाची (मोठी) भरती आणि भांगाची (लहान) भरती यांतला फरक महिनाभर एका नजरेत बघायचा असतो.

एकच आकडा सांगायचा असेल तर तो मोठ्या अक्षरात लिहा. दहा आकडे असतील आणि प्रत्येकाला आपल्या वाडीचा नेमका आकडा शोधायचा असेल तर साधा तक्ता करा. आलेख लागतो तो चढ-उतार, तुलना किंवा विस्कटलेपण दाखवायला.

स्तंभ, रेषा, वर्तुळ, बुडबुडे. यांत उजवं काय?

१९८४ साली विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग करून एक क्रमवारी मांडली. एकाच पट्टीवरची जागा ताडण्यात माणसाचा डोळा सगळ्यात कमी चुकतो. लांबी आणि कोन त्याच्या खाली, क्षेत्रफळ आणखी खाली आणि रंगाची गडद-फिकट छटा पार तळाला.

बाजारात बसणाऱ्या कुठल्याही कोळणीला हे आधीच ठाऊक असतं. दोन सुरमया एका फळीवर शेपट्या एका रेषेत लावून ठेवल्या तर मोठी कुठली हे पोरही सांगेल. एक या टोपलीत आणि दुसरी त्या टोपलीत वळवून ठेवली, की गिऱ्हाईक फसायला मोकळं. आडव्या पट्ट्यांचा आलेख म्हणजे शेपट्या जुळवून लावलेली फळी. तालुक्यांची किंवा वाड्यांची नावं लांब असतात, त्यामुळे उभ्या खांबांपेक्षा आडव्या पट्ट्या बऱ्या. नावं मान वाकडी न करता वाचता येतात. काळानुसार काही बदलत असेल तर रेषा.

आणि पाय चार्ट? सगळे तोच मागतात.

दोन-तीन तुकडे असतील तर काढा. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने तो १८०१ मध्ये छापला. त्याचेच १७८६ चे रेषालेख आणि स्तंभालेख मला जास्त कामाचे वाटतात. बांगडा, तारली, बळा, कोळंबी, म्हाकूल, सुरमई, पापलेट अशी सात नावं सात रंगांत वर्तुळात कोंबू नका. आणि थ्री-डी करून तिरका झोपवू तर अजिबात नका, पुढचा तुकडा उगाच फुगतो.

अक्ष शून्यापासूनच सुरू करायचा का?

खांब किंवा पट्ट्या असतील तर होय, कारण तिथे डोळा लांबी मोजतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. घट पाच टक्क्यांहून थोडी कमी. आता अक्ष सोळा लाखांपासून सुरू करून दोन खांब काढा. पहिला सत्त्याण्णव हजारांचा दिसेल, दुसरा पंधरा हजारांचा. जिल्हा सहापट रिकामा झाल्यासारखं वाटेल. सभेत असा आलेख लावला की पुढचा अर्धा तास "गावं ओस पडली" यावर भाषणं होतात.

उलट शून्यापासून काढला तर दोन्ही खांब जवळजवळ सारखे दिसतात आणि घट हरवते, हेही खरं. मग घटच दाखवा: "दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी", आणि शेजारी तालुकावार कुठे किती कमी झाली त्याच्या पट्ट्या.

रेषालेखाला शून्याचं बंधन नाही. तापमान, भरतीची पातळी, रोजचा दर यांत बघणारा चढ-उतार बघत असतो. फक्त अक्ष कुठून सुरू होतो ते ठळक लिहा.

आमच्या आकड्यांत मध्येच दोन महिने काही नाही. तिथे काय दाखवायचं?

इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

एका मच्छीमार सोसायटीच्या सभेसाठी मी महिनावार मासळीचा रेषालेख केला होता. सुबक, निळी रेघ, खाली बारा महिने. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांचे रकाने रिकामे होते. सॉफ्टवेअरने काय केलं, तर मे महिन्याचा बिंदू आणि ऑगस्टचा बिंदू सरळ रेघेने जोडून टाकला. माझ्या लक्षातही आलं नाही. प्रोजेक्टर लावला, मी बोलायला उभा राहिलो, आणि मागून एका म्हाताऱ्या तांडेलांचा आवाज आला, "जुनात दर्यात कोण गेललो रे?" हॉल हसला तो हसलाच. त्यानंतर मी दाखवलेला कुठलाही आकडा कोणी खरा धरला नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं.

घरी येऊन पहिली दुरुस्ती सुचली ती रिकाम्या जागी शून्य भरायची. तीही चूकच. शून्य म्हणजे जाळं टाकलं आणि काही मिळालं नाही. इथे जाळंच टाकलेलं नाही. रेघ तुटलेली ठेवायची आणि त्या दोन महिन्यांवर फिकट पट्टा ओढून त्यात लिहायचं: "बंदी". आकडे नोंदवायचे राहिले असतील तर तोही तिसरा प्रकार. तिथे "नोंद नाही" लिहा. वादळामुळे होड्या किनाऱ्याला होत्या, तर तसं लिहा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं. त्या दिवसांच्या मोकळ्या जागांना काही ना काही कारण आहे आणि समोर बसलेल्या माणसांनी ते अंगावर घेतलेलं आहे.

वर्ष जानेवारीपासून दाखवू की एप्रिलपासून?

हंगामापासून. जानेवारीपासून सुरू केलेल्या आलेखात मासेमारीचा हंगाम मधोमध चिरला जातो. ऑगस्टपासून मेपर्यंत काढा, तो सलग दिसेल. पाऊस जूनपासून. आंब्याचं तर आर्थिक वर्षाने वाटोळंच होतं: फेब्रुवारी-मार्चचा चढा दर एका वर्षात, एप्रिल-मेचा मुख्य माल दुसऱ्या वर्षात. हिशोबनीस ३१ मार्चला रेघ मारतो, पण कलमाला ३१ मार्च कळत नाही. ताळेबंद एप्रिल-मार्च राहू द्या, आलेख हंगामाचा करा.

पेट्यांचे दर वेगवेगळ्या लोकांकडून आलेत. एकत्र लावू का?

आधी पेटी किती डझनांची ते विचारा. समजा एकाची पाच डझनाची पेटी २,५०० ला गेली आणि दुसऱ्याची सहा डझनाची २,७०० ला. पेटीच्या दरात दुसरा पुढे, डझनाच्या दरात पहिला: ५०० विरुद्ध ४५०. आलेख कितीही देखणा केलात तरी ही चूक तो झाकूनच ठेवतो. मासळीतही तसंच, टोपली, क्रेट आणि किलो एका अक्षावर बसत नाहीत.

पन्नास वर्षांचे जिल्ह्याचे आकडे मिळालेत. सरळ रेघ ओढू?

थांबा. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीचा "रत्नागिरी" आणि नंतरचा "रत्नागिरी" हे दोन वेगळे प्रदेश आहेत. रेघ तिथे दाणकन खाली येईल आणि काहीतरी संकट कोसळल्यासारखं दिसेल. एक तर दोन्ही जिल्हे जोडून सलग रेघ काढा, नाहीतर १९८१ ला उभी तुटक रेघ मारून "सिंधुदुर्ग वेगळा" असं लिहा. ठाण्याचंही असंच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर निघाला, त्यामुळे २०११ च्या जनगणनेतल्या ठाण्यात आजचं पालघर आहे. आणि कुलाबा नावाचा जिल्हा जुन्या कागदांत दिसला तर तो गायब झालेला नाही, त्याचंच रायगड झालं.

रंग कुठले वापरू?

कमीत कमी. सगळं राखाडी आणि ज्याबद्दल बोलायचंय तेवढं एक रंगीत, यावर माझी निम्मी कामं निघतात.

रंगांना लोकांच्या डोक्यात आधीच अर्थ चिकटलेले असतात, ते बघून घ्या. पावसाळ्यात कोकणातलं शेंबडं पोरही "रेड अलर्ट" म्हणजे काय ते सांगेल: अतिमुसळधार, शाळेला सुट्टी. पण हवामान खात्याच्या पावसाच्या तफावतीच्या नकाशात लाल म्हणजे सरासरीपेक्षा कमी पाऊस, निळं म्हणजे जास्त. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच फ्लेक्सवर शेजारी लावलेत तर घोटाळा अटळ. दोन्ही लागणारच असतील तर एका ठिकाणी लाल सोडून द्या.

त्या तफावतीच्या नकाशात आणखी एक गंमत आहे. समजा कोकणातल्या एका तालुक्याची सरासरी ३,००० मिलिमीटर आणि यंदा पडला २,४०० मिलिमीटर; वीस टक्के तूट, नकाशात लाल. घाटापलीकडे सरासरी ५०० आणि पडला ६००. वीस टक्के जास्त, नकाशात निळा. ज्याला शेत किती कोरडं आहे ते बघायचंय त्याची या रंगांनी फसगत होते. टक्केवारीच्या शेजारी मिलिमीटर लिहा.

तांबडा-हिरवा फरक न ओळखणारी माणसं, त्यात पुरुष जास्त, प्रत्येक मोठ्या सभेत असतात. त्यामुळे हिरवं बरं नि तांबडं वाईट एवढ्यावर भागवू नका. रेघेच्या टोकाशीच तिचं नाव लिहिलं की रंगाची सूची लागत नाही आणि झेरॉक्सही वाचता येते.

नकाशावर दाखवलं की लोकांना आवडतं. काढू ना?

आवडतं खरं. प्रत्येकजण आधी आपलं गाव शोधतो. पण नकाशा जमीन दाखवतो, माणसं दाखवत नाही. रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरचा, २०११ ला सोळा लाख माणसांचा. मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरचा, तीस लाखांहून जास्त माणसांचा. रंगवलात तर रत्नागिरी डोळ्यांत भरेल आणि मुंबई टिंब. म्हणून क्षेत्र रंगवायचं ते दर किंवा टक्केवारी असेल तेव्हाच. मोजदाद असेल तर त्या-त्या जागी लहान-मोठी वर्तुळं.

शिवाय कोकण उभं नि चिंचोळं आहे. आडव्या स्लाइडवर ते मधोमध सुतासारखं दिसतं आणि दोन्ही बाजू फुकट जातात. मी बहुतेकदा नकाशाच टाकून देतो आणि तालुक्यांच्या पट्ट्या उत्तरेकडून दक्षिणेकडे लावतो: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. आपल्या माणसांच्या डोक्यात हाच क्रम असतो. अकारविल्हे लावलेल्या यादीत खेडपाठोपाठ गुहागर आणि मंडणगडपाठोपाठ रत्नागिरी आला की वाचणारा ठेचकाळतो.

पूररेषा लोकांना कशी समजावायची? नकाशा लावला, कोणी ढुंकून बघितलं नाही.

कारण नकाशातली उंची मीटरमध्ये असते आणि दुकानदाराला आपलं शटर माहीत असतं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. चिपळूणमध्ये "शंभर वर्षांतून एकदा" असं म्हटलं की लोक बोटं मोजतात: २००५ ला आला, २२ जुलै २०२१ ला आला, म्हणजे आता आपल्या हयातीत सुटलो. हिशोब तसा नसतो. वाशिष्ठी नदी मागचं काही लक्षात ठेवत नाही. लाल रेषेचा अर्थ इतकाच, की दर वर्षी शंभरात एक शक्यता. निळ्या रेषेची शंभरात चार.

हे शाळेत मी पिशवीने दाखवतो. शंभर चिठ्ठ्या, एक लाल. मुलांनी डोळे मिटून एक काढायची, बघायची, परत टाकायची. एक चिठ्ठी म्हणजे एक पावसाळा. तीस वेळा काढा, म्हणजे घरकर्जाची मुदत झाली. त्या तीस वर्षांत लाल निदान एकदा निघण्याची शक्यता २६ टक्के आहे. निळ्या रेषेचं बघायचं तर चार चिठ्ठ्या रंगवा, ती ७१ टक्क्यांवर जाते. कागदावर करायचं तर शंभर चौकोन काढून त्यातले २६ किंवा ७१ भरा. टक्केवारी नुसती लिहून जे होत नाही ते भरलेल्या चौकोनांनी होतं.

आणि रेषा नकाशावरून उचलून भिंतीवर न्या. विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर एक पट्टा रंगवा: लाल इथे, निळी इथे. माणूस तिच्याशेजारी उभा राहतो, हात वर करून बघतो आणि मग गप्प होतो. आलेखाचा अक्ष त्याच्याच उंचीचा असतो.

एका आलेखात दोन्ही बाजूंना दोन अक्ष चालतील का?

टाळा. डावीकडे पाऊस, उजवीकडे आंब्याचं उत्पादन. पट्टी जरा ताणली की दोन रेघा हातात हात घालून चालतात, जरा आवळली की भांडतात. एकाखाली एक दोन छोटे आलेख लावा.

खूप गुंतागुंतीची गोष्ट एका चित्रात मावते का?

मावते, आणि त्याचं माझं लाडकं उदाहरण रेल्वेचं आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर स्थानकं, तीही खऱ्या अंतराच्या प्रमाणात. प्रत्येक गाडी एक तिरकी रेघ. जितकी उभट तितकी वेगवान. आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. १९ व्या शतकात फ्रान्समध्ये असे आलेख होते आणि गाड्यांचं नियंत्रण करणारे आजही याच पद्धतीने विचार करतात. कोकण रेल्वे रोहा-वीरचा टप्पा सोडला तर बहुतांशी एकेरी, त्यामुळे समोरासमोरच्या दोन रेघा स्थानकावरच छेदायला हव्यात. तो छेद म्हणजेच आपलं क्रॉसिंग, ज्यासाठी आपण अर्धा तास वडापाव खात बसतो. पावसाळी वेळापत्रकात वेग कमी केला की त्याच रेघा जरा लोळतात. चाकरमान्यांना हा आलेख दाखवला तर ते क्षणभर बघतात आणि म्हणतात, "म्हणजे आपली गाडी यांच्यामुळे थांबते होय!" कुठली सूची नको, खुलासा नको.

अक्षरं फुटतात, आकडे "मिलियन"मध्ये येतात. उपाय?

प्रोग्राम लिहून आलेख काढणाऱ्या काही साधनांना देवनागरी नीट जुळवता येत नाही. "रत्नागिरी" हा शब्द चाचणीला उत्तम: त्न जोडलेला राहतो का आणि गि ची वेलांटी ग च्या आधी पडते का ते बघा. फुटत असेल तर मजकूर वेगळा लिहून वरून बसवा. "१.६ मिलियन" कोणी बोलत नाही, अक्षावर "१६ लाख" हातानं लिहा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर बारीक अक्षरं पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

झालं. छापायला देऊ?

आधी एका माणसाला दाखवा, काही न सांगता, आणि विचारा "काय दिसतंय?" मी २०११ च्या जनगणनेवरून एक आलेख केला होता. हजार पुरुषांमागे स्त्रिया: महाराष्ट्र ९२९, सिंधुदुर्ग १०३६, रत्नागिरी ११२२. हजारावर एक उभी रेघ, बाकी सगळं साधं. शीर्षक दिलं होतं, "स्त्रियांच्या प्रमाणात रत्नागिरी राज्यात पुढे". शेजारच्या काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पट्ट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "पुढे कसली रे? पुरुष सगळे मुंबईला, आणि मागे आम्ही."

फलकावर लागला तेव्हा शीर्षक होतं: "पुरुष कामाला बाहेर, रत्नागिरीत हजारामागे ११२२ स्त्रिया".